खडपावर किती चौकटी टाकायच्या?

प्रश्न रत्नागिरीत एमएस्सी प्राणिशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. प्रकल्पाचा विषय 'किनाऱ्यावरील प्राण्यांची विविधता'. मिऱ्या, मांडवी, भाट्ये आणि गणपतीपुळे या चार ठिकाणी महिन्यातून एकदा जायचं, दिसतील ते प्राणी गोळा करायचे, यादी करायची आणि शेवटी शॅनन निर्देशांक (विविधता एका आकड्यात सांगणारं सूत्र) काढायचा, असं गाइडांशी ठरलंय. तिला दोन गोष्टी हव्यात: क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीच्या चौकटी, किती टाकायच्या आणि नमुने कसे जपायचे.

दोन्हींचं उत्तर देतो, पण आधी एका सकाळची गोष्ट सांगतो. प्रश्नात 'दिसतील ते प्राणी' असे शब्द आहेत आणि माझं सगळं भांडण त्या शब्दांशी आहे.

काही वर्षांपूर्वी दोन विद्यार्थ्यांना घेऊन खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, गेलो होतो. पाणी पुरतं उतरलेलं, ऊन अजून कोवळं. पाइपची अर्ध्या मीटरची चौकट सातव्यांदा ठेवली. आत काळा, गुळगुळीत, उघडा खडक. एक शंख नाही, एक बार्नॅकल (खडकाला चिकटून बसणारा कवचाचा प्राणी) नाही. हातभर अंतरावर एक डबकं होतं. त्यात समुद्रफुलं उमललेली, एक शंखी खेकडा घर ओढत चाललेला, कडेला नेरिटांची, म्हणजे छोट्या गोल शंखांची, रांग. मुलाने काही न बोलता पायाच्या अंगठ्याने चौकट डबक्याकडे सरकवली. वाईट हेतूने नाही. 'इथे काहीच नाही सर' एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी चौकट परत जागेवर ठेवायला लावली आणि वहीत लिहायला सांगितलं: 'क्र. ७. उघडा खडक १०० टक्के. प्राणी शून्य.'

त्या दिवशीची सगळ्यात कामाची नोंद तीच होती. प्रत्येक वेळी चौकट थोडी थोडी डबक्याकडे सरकली, तर किनारा खरा आहे त्याच्या दुप्पट श्रीमंत दिसतो. पुढच्या वर्षी दुसरा कोणी प्रामाणिकपणे मोजायला गेला, की 'विविधता निम्म्याने घटली' असा निष्कर्ष निघतो. प्राणी होते तिथेच असतात, सरकलेला असतो फक्त अंगठा. म्हणून कुठे शोधलं, किती वेळ शोधलं आणि कुठे काही मिळालं नाही, हे यादीइतकंच जपून ठेवायला हवं. ते नसेल तर यादी म्हणजे बाजारातून आणलेल्या मासळीची यादी: काय मिळालं ते कळतं, समुद्रात काय होतं ते कळत नाही.

आता तुमची चार ठिकाणं. भाट्ये आधी काढून टाका. तो काजळी नदीच्या मुखाजवळचा वाळूचा किनारा आहे. तिथले प्राणी वाळूत पुरलेले असतात, वरून चौकट ठेवून दिसणारच नाहीत. खडक आणि वाळू एकाच तक्त्यात ठेवून 'भाट्ये येथे विविधता कमी' असं लिहिलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. तो भाट्याचा दोष नव्हे, हत्याराचा आहे. वाळूच घ्यायची असेल तर तो वेगळा अभ्यास: दहा सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप पंधरा सेंटिमीटर आत दाबायचा, आतली वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून समुद्राच्याच पाण्याने धुवायची, चाळणीत राहील ते बाटलीत. एक हिशोब मात्र डोक्यात ठेवा. अशा पाइपचं तोंड साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे चौरस मीटरचा आकडा काढताना १२७ ने गुणावं लागतं. एका पाइपात एक किडा आला की कागदावर १२७ किडे होतात. दहा पाइप घेऊन सरासरी काढल्याशिवाय तो गुणाकार करू नका.

मिऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या यादीत मला तीच गोष्ट रस घेण्यासारखी वाटते. माणसाने आणून टाकलेल्या दगडांवर जे प्राणी बसतात तेच शेजारच्या नैसर्गिक खडपावर बसतात का? हा प्रश्न 'विविधतेचा अभ्यास' या गोणपाटापेक्षा कितीतरी नेमका आहे. त्यासाठी दोन बंधाऱ्याच्या जागा आणि दोन नैसर्गिक खडपाच्या जागा घ्या. एकेकच घेतली तर निष्कर्ष फक्त त्या दोन जागांपुरता राहतो. तिथे शंभर चौकटी टाकल्या तरी त्या एकाच जागेच्या शंभर चौकटी असतात, सगळ्या बंधाऱ्यांच्या नव्हेत. ही चूक छापून आलेल्या निबंधांतही सर्रास सापडते. परीक्षकाने व्हायव्हात पकडली तर उत्तर नसतं. काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, मात्र चढू नका. शेवाळ धरलेल्या टेट्रापॉडवरून घसरलं की माणूस दोन पायांच्या फटीत जातो. बंधाऱ्याच्या पायथ्याचे, उभं राहता येईल असे दगडच घ्या आणि 'फक्त पायथा' असं लिहून ठेवा.

आता वेळेचं गणित. ते न केल्यामुळेच बहुतेक प्रकल्प मार्चमध्ये बुडतात.

जुन्या लोकांचा ठोकताळा तुम्हाला घरी कोणीतरी सांगितलाच असेल: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या आसपास. सगळ्यात मोठं उधाण बहुधा पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी नव्हे, तर एक-दोन दिवसांनी येतं. प्रतिपदा-द्वितीयेला ओहोटी पावणेसात ते साडेसात. कामाला याहून चांगली वेळ नाही: उजेड आहे, खडक तापलेला नाही. पण हा ठोकताळाच. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खाली जात नाहीत. तारीख ठरवताना तिथी वापरा, घरातून निघताना रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, मुंबईचं नव्हे. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तर जाऊच नका. पाणी पुरतं उतरत नाही आणि खालचा पट्टा, जिथे सगळी मजा असते, उघडाच पडत नाही.

ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास, एवढंच कामाचं. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं, असं दोघांनी मिळून एका चौकटीला दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला पंधरा. म्हणजे एका ओहोटीत बारा-पंधरा चौकटी झाल्या तर शाबासकी. एका उधाणात कामाचे दिवस चार. तुमच्या मूळ बेतात चार ठिकाणं, प्रत्येकी वरचा-मधला-खालचा असे तीन पट्टे, पट्ट्याला दहा चौकटी, म्हणजे दर महिन्याला १२० चौकटी. होणार नाहीत. माझा सल्ला असा: फक्त मधला पट्टा, चार जागा, जागेला पंधरा चौकटी, म्हणजे साठ. एका उधाणाच्या चार दिवसांत बसतात. आणि दर महिन्याला नको. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे, असे तीन वेळा जा. पावसाळ्यात लाटा आणि गोड्या पाण्याचा मारा किनारा धुऊन काढतो. ऑक्टोबरात नवी पिल्लं बसायला लागलेली दिसतात, जानेवारीत शेवाळं भरात असतात आणि मेमध्ये उन्हात टिकलेले उरतात. जून ते सप्टेंबर खडपावर पाय ठेवायचा नाही. त्यात शौर्य नाही.

'मधला पट्टा' डोळ्याने ठरवू नका. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, गोव्याला दोनच्या आसपास, तुम्ही मधे आहात. अर्ध्या मीटरच्या उंचीने प्राणी बदलतात. गवंडी पाया समपातळीत आणायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. कोष्टकातल्या ओहोटीच्या वेळेला पाण्याची कड जिथे असेल तिथे एक टोक धरा, दुसरं टोक चौकटीजवळ पट्टीला लावा, फरक वाचा. शंभरेक रुपयांची वस्तू. शांत दिवशी पुरेशी अचूक उंची देते.

मग चौकट कुठे पडायची हे घरी ठरवा, किनाऱ्यावर नाही. तीस मीटरचा टेप किनाऱ्याला समांतर पसरायचा. आदल्या रात्री मोबाइलवर शून्य ते तीसमधले वीस यादृच्छिक आकडे काढून वहीत क्रमाने लिहून ठेवायचे. पहिला आकडा ११ असेल तर चौकट अकराव्या मीटरवर, तिथे काय आहे ते न बघता. नियमही आधीच लिहा. 'चौकटीचा अर्ध्याहून जास्त भाग डबक्यात आला तर ती सोडून पुढचा आकडा, आणि सोडल्याची नोंद.' चौकट मागे वळून भिरकावायची पद्धत काही ठिकाणी शिकवतात. हात कुठे फेकायचं ते बरोबर ओळखतो, आणि पीव्हीसी फुटतो ते वेगळंच.

चौकटीत काय करायचं? अर्ध्या मीटरच्या चौकटीला दर पाच सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या की आत ८१ छेद तयार होतात. प्रत्येक छेदाखाली काय आहे ते लिहायचं: बार्नॅकल, कालव, शेवाळ, उघडा खडक. एक छेद म्हणजे जवळजवळ सव्वा टक्का. चिकटून बसणाऱ्यांसाठी हे. चालणाऱ्यांची मात्र डोकी मोजायची. इथेच तुमचा शॅनन अडकतो. आपल्या खडपांवर झोअँथिडांचे गालिचे असतात, हिरवट-तपकिरी बटणं एकमेकांना चिकटून पसरलेली. प्रवाळांचे हे चुलतभाऊ. त्यांचा 'एक प्राणी' म्हणजे काय? एक बटण की अख्खा गालिचा? कालवं टक्क्यांत, शंख आकड्यांत आणि झोअँथिड अंदाजाने, असं सगळं एका सूत्रात कोंबलं की जे उत्तर येतं त्याला काही अर्थ नसतो. दोन तक्ते ठेवा, व्यापलेल्या जागेचा वेगळा, डोक्यांचा वेगळा. निर्देशांक काढलाच तर लॉगॅरिदमचा पाया कोणता घेतला ते लिहा. तो बदलला की त्याच आकड्यांतून वेगळं उत्तर येतं आणि लोक दोन प्रबंधांची तुलना करत बसतात.

एकदा गुडघे टेकून चौकटीजवळ नाक नेऊन पाच मिनिटं नुसतं बघा. लांबून जो 'पांढरा खडक' दिसतो ते बार्नॅकल असतात. त्यातले निम्मे मेलेले, नुसती भांडी उरलेली. त्या रिकाम्या भांड्यांत साबुदाण्याएवढे लिटोरिना शंख दाटीने बसलेले असतात, ऊन टाळायला. ऊन वाढलं की उघड्यावरचे लिटोरिना दार बंद करतात आणि कडेवर उभे राहतात, तापलेल्या खडकाला अंग कमीत कमी लागावं म्हणून. मेलेल्या कालवाच्या शिंपलीत सुरीचं टोक घालून हलकेच उचला: आत एखादा पॉलीकीट (समुद्री किडा), वाटाण्याएवढा खेकडा. शिकारी शंख बार्नॅकलवर बसलेला असेल तर त्याला उचलू नका, जेवतोय. जिवंत बार्नॅकल आणि रिकामं भांडं वेगवेगळं मोजा. बहुतेकजण एकत्रच मोजतात.

जागेला पंधरा चौकटी पुरेत का? आधी एकाच जागेवर पंचवीस टाकून बघा. प्रत्येक चौकटीनंतर आतापर्यंत एकूण किती जाती झाल्या त्याचा आलेख काढा. रेषा आडवी व्हायला लागली तिथे तुमचा आकडा. ती कधीच पूर्ण आडवी होत नाही, तेही ठीक. राहिलेल्यांचा अंदाज एकट्यादुकट्यांवरून करता येतो. समजा तुम्हाला २३ जाती मिळाल्या, त्यातल्या ८ जातींचा एकेकच प्राणी मिळाला आणि ४ जातींचे दोन-दोन. चाओच्या सूत्राने आठाचा वर्ग ६४, त्याला चाराच्या दुपटीने म्हणजे ८ ने भागलं की ८. एकूण किमान ३१. म्हणजे आठेक जाती तुमच्या नजरेतून सुटल्या असणार. 'मला २३ मिळाल्या, निदान ३१ असाव्यात' हे वाक्य 'एकूण २३ जाती आढळल्या' यापेक्षा कितीतरी खरं आहे. आणि हे सूत्र चालायला एकेकट्या प्राण्यांची नोंद लागते. 'किरकोळ' म्हणून त्यांना सोडून देऊ नका.

नमुने. तुमचा प्रश्न 'कसे जपायचे' असा आहे, माझं उत्तर आधी 'किती कमी उचलता येतील' असं आहे. रोजच्या ओळखीचे शंख फोटो काढून तिथेच ठेवा, पट्टी बाजूला ठेवून, वरून आणि तोंडाकडून असे दोन फोटो. न ओळखलेल्या जातीचे दोन-तीनच उचला. काहींना तर हातच लावायचा नाही. कठीण प्रवाळ, समुद्रकाकडी आणि समुद्रघोडे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीत. विद्यार्थी असणं ही सवलत नाही. 'आपल्याकडे कुठले प्रवाळ' असं म्हणू नका. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, त्या मुंबईच्या गढूळ पाण्यात वाढलेल्याच होत्या. पुढे कधी मालवणला काम केलंत तर तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे बाटली उघडायची नाही.

उचललेल्यांना आधी गुंगी द्या. समुद्रफूल थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की मुठीसारखं मिटतं आणि मग कोणालाच ओळखता येत नाही. समुद्राच्या पाण्यात मेंथॉलचे दोन-चार खडे टाकून तासभर ठेवा. टोचलं तरी आखडत नाही असं झालं की मग जपणूक. मऊ प्राण्यांना बाजारच्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, त्यात चिमूटभर बोरॅक्स. बोरॅक्स नसेल तर आम्लाने शिंपले विरघळतात. काही दिवसांनी धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन अजिबात नको, सरळ ९५ टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिन बंद खोलीत ओतू नका, हातमोजे घाला.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड ट्रेसिंग पेपरवर, पेन्सिलने. मी पहिल्या वर्षी चाळीस बाटल्यांवर बॉलपेनने सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. दिवाळीनंतर कपाट उघडलं तेव्हा चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या फिकट निळ्या अल्कोहोलमध्ये तरंगत होत्या. प्राणी उत्तम टिकले होते, कुठले ते सांगणारं काही नव्हतं. सगळे टाकावे लागले.

नावांबद्दल एवढंच, की ओढूनताणून जातीपर्यंत जाऊ नका. 'नेरिटा १', 'नेरिटा २' असं फोटोसह लिहिलेलं चुकीच्या लॅटिन नावापेक्षा बरं. जुन्या याद्यांशी तुलना करताना सावध राहा. चिखलातला जो शंख जुन्या कागदांत सेरिथिडिया सिंग्युलाटा म्हणून आहे तो आज पिरेनेला सिंग्युलाटा. आपलं मोठं कालव क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइड्स होतं, आता मॅगलाना ग्रायफॉइड्स. नावं तपासली नाहीत तर दोन जाती 'नष्ट' आणि दोन 'नव्याने दाखल' झाल्याचा शोध लागतो. सागरी जातींची जागतिक नोंदवही इंटरनेटवर फुकट आहे, प्रत्येक नाव तिथे घालून बघा.

अंगाची काळजी: शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत कोनस शंख हाताने उचलू नका, त्याचा दंश विषारी असतो. वाळूत उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सटकतं. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारले होते. उलटा केलेला दगड त्याच बाजूने परत ठेवा. दगडाखालच्यांचं सगळं जग त्या अंधारात असतं, उन्हात अर्ध्या तासात संपतं.

आणि खडपावर कालवं काढायला बसलेल्या बायका दिसतील त्यांच्याशी बोला. कोणत्या महिन्यात कालव भरलेलं असतं, कुठला कोपरा दोन वर्षांपूर्वी ओस पडला, हे त्यांना माहीत असतं, आणि त्या रोज कुठली जागा खरवडतात ते तुमच्या नोंदीत आलंच पाहिजे. नाहीतर त्यांनी रिकामी केलेली जागा तुम्ही 'प्रदूषणाचा परिणाम' म्हणून लिहाल. पाणी वळल्याचं त्यांना तुमच्या मोबाइलच्या आधी कळतं. त्या टोपल्या उचलून उठल्या, की चौदावी चौकट अर्धी राहिली तरी तुम्हीही टेप गुंडाळा, आणि वहीत 'क्र. १४ अपूर्ण' असं लिहा.